येणारा

रोलंड हर्स्टचा हात गार लागला, तेव्हा सिरिल स्टॅन्सफील्डच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आजही कुणी हीटर वेळेवर लावलेला नाही. सभा नुकतीच संपली होती. पुढच्या बाकावरचे दोघे ज्येष्ठ एकमेकांचा हात हातात घेतात, की मौनाचा तास संपला; मग ज्याने त्याने आपल्या शेजाऱ्याचा हात धरायचा, हलवायचा आणि चहाकडे वळायचं. क्वेकर पंथाच्या लोकांची रीतच ती. त्या रीतीप्रमाणे सिरिलने रोलंडचा गुडघ्यावरचा हात उचलला, हलवला, वर "गारठा आहे आज," असं म्हणालासुद्धा. मग त्याने हात सोडला, आणि तो आपण होऊन मागे गेला नाही, नुसता पडला. रोलंडचे डोळे मिटलेले होते, हनुवटी छातीला टेकली होती, मफलर नीट खोचलेला होता. बावीस वर्षं सिरिलने त्याला दर रविवारी असाच पाहिला होता. आजच्या आणि गेल्या रविवारच्या रोलंडमध्ये फरक काय, असं कुणी दरडावून विचारलं असतं, तर हाताच्या गारव्यापलीकडे त्याला काही सांगता आलं नसतं. ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती रुग्णवाहिका येऊन गेल्यावर, मागच्या मोरीत कप विसळताना. तेव्हा मात्र त्याला हातातला कप खाली ठेवावा लागला.

लोक रडले, पण त्या रडण्याला एक समाधानाची किनार होती, आणि ती सिरिलच्या घशाखाली उतरेना. म्युरिएल ऑर्मरॉड जन्मभर मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि तिचा आवाज अजून पटांगणातलाच होता. ती डोळे टिपत म्हणाली, "मला जाणवत होतं हो. काहीतरी खोल चाललंय आज, असं सारखं जाणवत होतं. इतकी जमून आलेली सभा मी कित्येक वर्षांत पाहिली नाही." चारचौघांनी माना डोलावल्या. मैफल जमून यावी तशी यांची सभा जमून येते; फरक एवढाच, की इथे कुणी गात नाही. आपल्यातलं माणूस आपल्या मौनात, आपल्यामध्ये बसून गेलं, यापेक्षा सुंदर मरण कोणतं, असं प्रत्येकाने प्रत्येकाला सांगून झालं. सिरिलला खरं काय ते माहीत होतं. रोलंडच्या नाकातून एक बारीक शिट्टी वाजायची, श्वास आत जाताना एक सूर, बाहेर येताना दुसरा, आणि शेजारी बसणाऱ्याला तासभर ती ऐकण्यावाचून गत्यंतर नसायचं. आज साधारण अर्ध्या तासाने ती थांबली होती. थांबलेली सिरिलने ऐकली होती. आणि मनात म्हटलं होतं, सुटलो बुवा एकदाचा.

टेकडी उतरून तो घरी आला. बाहेर शेफील्डचा रविवार होता, म्हणजे काहीच नव्हतं. पूर्वी निदान पोलादाच्या भट्ट्यांचा धूर तरी असायचा. आता कारखाने एकामागून एक बंद पडल्यापासून आभाळ स्वच्छ झालं होतं आणि त्या स्वच्छ आभाळाखाली माणसं काय करावं ते न कळून कुत्री फिरवत होती. त्याच्या बायकोने, डोरीनने, ओव्हनमधून बटाटे बाहेर काढले होते. त्याने कोट न काढताच सांगितलं.

"म्हणजे मेलेला माणूस तुमच्यात बसून राहिला," डोरीन म्हणाली, "आणि कुणाला पत्ताच नाही?"

"सभा संपेपर्यंत नाही."

डोरीनला हसू फुटलं. मग हसल्याची लाज वाटून तिने तोंडावर हात धरला. "बिचारा रोलंड. पण खरं सांगू का? आमच्या चॅपेलात मेला असता ना, तर पहिल्याच कडव्याला कळलं असतं. एक आवाज कमी पडला असता."

"त्याला सूर कुठे होता?"

"मग लोकांना जरा बरं वाटलं असतं. पण कळलं असतं."

डोरीन मेथडिस्टांच्या घरातली. तिच्याकडे देव म्हणजे गाणं, चहा-बिस्किटं, आजारी माणसाला सूप नेऊन देणं आणि तरुण पाद्र्याच्या बायकोची उणीदुणी. नवरा दर रविवारी उलट दिशेला जाऊन तासभर मूग गिळून बसतो, हे तिने लग्नानंतर काही वर्षांनी एकदा समजून घेतलं आणि मग त्यावर कायमचं टोमण्यांचं झाकण ठेवलं. "गप्पच बसायचं तर घरी बस की, इथे कुशन आहे," असं ती म्हणायची. आणि सिरिलला हसू यायचं, कारण तिला वाटत होतं की तो तिथे गप्प बसायला जातो. तो जात होता ऐकायला.

ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. नऊ वर्षांचा असताना तो शहराच्या वरच्या अंगाच्या माळावर उभा होता, भोवताली गुडघाभर बर्फ, हातात मावशीकडे न्यायची अंड्यांची टोपली, आणि कुणीतरी त्याचं नाव घेतलं. सिरिल. एकदाच. वारा नव्हता, माणूस नव्हतं, एक मेंढीसुद्धा नव्हती. भीती वाटली नाही. उलट असं वाटलं, की आजवर आपण आहोत हे आपल्यालाच ठाऊक होतं, आता आणखी कुणाला तरी ठाऊक झालं. अंडी घेऊन तो उभाच राहिला, बोटं बधिर होईपर्यंत. पुढे शाळा झाली, युद्ध झालं, कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं नाही, आणि या सगळ्याच्या खालून ती एक हाक वाहत राहिली. ती पुन्हा येईल म्हणून तो आयुष्यभर एक कान मोकळा ठेवून जगला. चॅपेलात फार आवाज होता. म्हणून एका पावसाळी रविवारी क्वेकरांच्या सभाघराचं दार उघडं दिसलं आणि आतून काहीच ऐकू येत नव्हतं, तेव्हा तो आत शिरला. इथे ऐकू येईल, असं त्याला वाटलं. विहिरीत दगड टाकावा, कान देऊन बसावं, आणि बुडुक असा आवाजच येऊ नये, तशी बावीस वर्षं गेली. मधे केव्हातरी नाताळच्या जेवणात त्याचा थोरला भाऊ हर्बर्ट बिअरचा ग्लास हलवत सगळ्यांना सांगू लागला, "आठवतं का रे सिरिल, तू अंडी घेऊन निघालेलास आणि मी भिंतीआड लपून तुला हाक मारलेली? आणि हा बेटा खांबासारखा उभा! मला हसू दाबता दाबेना. शेवटी थंडीने मीच पळालो." टेबलावर सगळे हसले. सिरिलही हसला, सगळ्यांत जास्त वेळ हसला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सभेला जाऊन बसला. का बसला, ते त्याचं त्याला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला बस येणार नाही असं कळलं तरी पाय लगेच उचलत नाहीत.

आणि त्या बसण्याची किंमत भलतीच वाढत गेली. सभेत कुणालाही आतून उमटलं तर उठून चार शब्द बोलायची मुभा असते. लोक उठत, कुणी शांततेवर बोले, कुणी बागेतल्या रॉबिन पक्ष्यावर. सिरिल एकदाही उठला नाही. उठून सांगायचं काय? की मी खिडकीच्या काचा बघतोय, माझी पाठ दुखतेय, आणि बाकी शुकशुकाट आहे? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. सातआठ वर्षांनी लोक त्याच्याशी बोलताना आवाज खाली आणू लागले. खोल माणूस, म्हणू लागले. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते खोटं नाही. सिरिलला मौनाने सगळं मिळवून दिलं, एक हवं होतं ते सोडून. मात्र तो सभासद झाला नाही. या लोकांत दोन जाती, सभासद आणि येणारे. येणारा यावा, बसावा, कप विसळावेत, त्याला कुणी काही विचारत नाही. अंतरंगात डोकावणं हे या लोकांना दुसऱ्याच्या कपाटात हात घालण्याइतकं असभ्य वाटतं. एक रोलंड तेवढा विचारायचा. तो जुन्या चालीचा, ट्रामवर कंडक्टर होता तेव्हापासून लॉर्ड मेयरपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करणारा, कारण देवापुढे सगळे सारखे तर अहो-जाहो कुणाला? तो कोपराने ढोसून म्हणायचा, "अरे, तू येतोयस, येतोयस, बावीस वर्षं येतोयस. पोचणार कधी?" आणि शेवटी शेवटी म्हणायचा, "माझ्या मयताला तरी येणारा म्हणून येऊ नकोस रे बाबा."

मयताला सिरिल येणारा म्हणूनच गेला. सभाघरामागे सगळ्या दगडांची उंची सारखी असलेल्या दफनभूमीत लोक गोल उभे राहिले आणि गप्प झाले. सिरिलने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मिटलेले डोळे, सैल पडलेल्या भुवया. यांना ऐकू येतं का? आजवर तो हे धरूनच चालला होता, की यांना येतं आणि आपल्याला येत नाही. त्यात दुःख होतं, पण त्या दुःखाला बूड होतं. म्हणजे काहीतरी आहे, फक्त आपला कान बहिरा. आता त्याला वाटलं, की हे सगळे माझ्यासारखेच असतील तर? प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून, त्याला ऐकू येतंय असं समजून, तोंड मिटून बसला असेल तर? रोलंड अर्धा तास मेलेला होता आणि सगळ्यांना त्या अर्ध्या तासात खोली जाणवली होती. मग गेली बावीस वर्षं त्यांना सिरिलमध्ये जे जाणवत होतं ते काय होतं? खड्ड्यावर माती पडू लागली. ती पडताना ऐकू आली, हे मात्र त्याला पुढेही स्पष्ट आठवत राहिलं.

त्याच आठवड्यात त्याने कारभार पाहणाऱ्या मासिक सभेच्या चिटणीसबाईंना दोन ओळींचं पत्र टाकलं, की मला सभासद व्हायचं आहे. सगळ्यांना वाटलं, रोलंडची शेवटची इच्छा. म्युरिएलने तर फोनवर हुंदका दिला. सिरिलचं गणित निराळं होतं. अर्ज आला की दोन सभासद नेमतात, ते अर्जदाराच्या घरी जाऊन बसतात, आणि त्यांना विचारावंच लागतं. एरवी कुणाला काही न विचारणाऱ्या या लोकांनी आयुष्यात एकदाच विचारायची सोय ठेवली आहे, ती ही. ते विचारतील, आपण खरं सांगू, आणि ते नाही म्हणतील. नाही म्हणायलाच हवं होतं त्यांनी. सिरिलने जन्मभर काट्या-चमच्यांच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. दिव्याखाली चमचा धरायचा, खोलगट भागात आपलं उलटं तोंड दिसायचं, ते कुठे फाटलं, वाकलं, की चमचा डावीकडच्या पेटीत. ज्याच्या हातून एकही चमचा बाद होत नाही तो तपासत नसतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी त्याला बाद केलं, तर बाद करण्याजोगं काही माप त्यांच्याकडे आहे असं ठरलं असतं. मग तो येणारा म्हणून आनंदाने मेला असता. निदान त्या खोलीत, दुसऱ्या कुणासाठी का होईना, कुणीतरी हाक मारतं, एवढं घेऊन मेला असता. माणसं देवाकडे 'हो' मागतात. सिरिलला एक 'नाही' हवा होता, आणि त्यासाठी त्याने रात्रीची झोप घालवली.

ते दोघे शनिवारी दुपारी आले. एक म्युरिएल, आणि दुसरा डेस्मंड लायल, विद्यापीठात शिकवणारा, लांब पायांचा, लाजरा गृहस्थ. खुर्चीत बसला की त्याचे गुडघे त्याच्याच हनुवटीशी येत आणि मग तो त्यांची माफी मागितल्यासारखा हसे. डोरीनने ठेवणीतले कप काढले होते, हॅमची सँडविचं कापली होती, आल्याचा चिकट पार्किन केक केला होता. ती किटली घेऊन आत आली आणि नेमकी त्याच वेळी म्युरिएलने "आधी जरा शांत बसू या?" म्हणून डोळे मिटले. डेस्मंडनेही मिटले. सिरिलने मिटले. डोरीन दोन्ही हातांत गरम किटली धरून गालिच्याच्या मध्यावर उभी. पुढे जावं की मागे जावं, कुणाला विचारायची सोय नाही. थोड्या वेळाने ती पुटपुटली, "चहा पार काळा होईल हो." सिरिलने डोळे उघडून पाहिलं तर डेस्मंडचा एक डोळा पार्किनवर होता. त्या क्षणी त्याचं मन इतकं खचलं, की सगळं तिथेच सोडून द्यावं, 'बसा, खा, जा' म्हणावं, असं त्याला वाटलं.

पण म्युरिएलने विचारलं. "सांगा सिरिल, सभेत तुम्हाला काय मिळतं?"

"काही नाही."

ती थांबली. पुढे काही येईल म्हणून प्रेमाने थांबली.

"मला ऐकू येत नाही," सिरिल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, फार दिवसांनी नळ सोडल्यावर आधी नुसती हवा येते तसा. "तुम्ही म्हणता आतून उमटतं. मला बावीस वर्षांत एकदा काही उमटलं नाही. मी खिडकीच्या काचा बघतो. मी ढोंग करतो असंही नाही, मी नुसता असतो. रोलंड मेला तेव्हा त्याचा श्वास थांबला तो मी ऐकला, आणि मला बरं वाटलं, शिट्टी थांबली म्हणून. असा माणूस मी आहे. तिथे कुणी नाही, असं मला वाटतं."

डोरीन दारात उभी होती. तिच्या हातात आता बशी होती आणि ती तिने छातीशी धरली होती.

म्युरिएलचे डोळे भरून आले. "म्हणजे त्याचा शेवटचा श्वास तुम्ही ऐकलात," ती हळू म्हणाली. "आम्ही कुणीच ऐकला नाही, सिरिल. इतकं ऐकणारा माणूस म्हणतो मला ऐकू येत नाही."

"तसं नव्हे हो ते. मला बरं वाटलं."

"हा प्रामाणिकपणा," म्युरिएल डेस्मंडला म्हणाली. "हेच."

"मी, म्हणजे, माझ्यापुरतं सांगायचं तर," डेस्मंड गुडघ्यांकडे बघत म्हणाला, "मी देव हा शब्द वापरायचं कधीच सोडलंय. ऐकू येणं वगैरे मलाही काही... आठवडाभर विद्यापीठात इतकं बोलावं लागतं ना. तासभर कुणी बोलत नाही, याचंच बरं वाटतं."

"एवढंच?" सिरिलने विचारलं.

"एवढंच म्हणजे, ते काही कमी नाही."

"आणि तुम्ही?" तो म्युरिएलकडे वळला. असं त्याने कुणाला विचारलं नव्हतं, कधी विचारेल असंही त्याला वाटलं नव्हतं. "तुम्हाला येतं का ऐकू?"

म्युरिएलने कप खाली ठेवला. जन्मभर मुलींना खोटं बोलू नका म्हणून सांगत आलेली बाई ती. तिने खरोखर विचार केला. "लहानपणी यायचं असं वाटतं," ती म्हणाली. "आता मी वाट बघते. आपण सगळे वाट बघणारेच नाही का? एकमेकांच्या शेजारी बसून वाट बघायची, तेच आपलं. तुमच्याइतकी शांतपणे वाट बघताना मी कुणाला पाहिलं नाही. खरं सांगते, कधी माझा धीर सुटला ना, तर मी तुमच्याकडे बघते."

सिरिलच्या कानात काहीतरी घूं करू लागलं. "तुम्ही कधी कुणाला नाही म्हटलंय का?" त्याने विचारलं. "अर्ज केला आणि नाही म्हटलं, असं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "एकाला जरा थांबा म्हटलं होतं," म्युरिएल आठवून म्हणाली. "तो पुढे कॅथलिक झाला. फार वाईट वाटलं आम्हाला."

मग ते सँडविच खायला लागले. डेस्मंडने पार्किनचे दोन तुकडे घेतले, तिसराही घेतला, आणि डोरीनला कृती विचारली. जाताना म्युरिएलने सिरिलला मिठी मारली. क्वेकर बाई अशी सहसा मारत नाही. तिच्या कोटाला कापराच्या गोळ्यांचा वास होता आणि तिची हाडं त्याला पाखराएवढी लागली. त्याला तिचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, असं तेवढं वाटलं.

"झालास का पास?" डोरीनने बशा गोळा करत विचारलं.

"तिथे नापास कुणी होतच नाही."

"मग तोंड का असं?" ती बशा तशाच धरून समोर बसली. "तू मघाशी बोललास ते... इतकी वर्षं तू तिथे जाऊन असा बसतोस? मला वाटायचं तुला तिथे काहीतरी मिळतं म्हणून तू माझ्याबरोबर येत नाहीस. मी गप्प बसले. म्हटलं, असेल काही, जे मला कळण्यातलं नाही."

"मला त्यांनी नाही म्हणायला हवं होतं, डोरीन."

"मला विचारायचं होतंस. मी म्हटलं असतं की नाही! फुकट." ती हसली नाही. "मला कधी विचारलंस, मला चॅपेलात काय ऐकू येतं?"

त्याने विचारलं नव्हतं. एका घरात, एका पलंगावर, इतकी वर्षं झोपून हा प्रश्न त्याच्या डोक्यातही आला नव्हता. बाहेर कुणाच्या तरी गाडीचं इंजिन चालू होता होता बंद पडत होतं, पुन्हा, पुन्हा. "काय येतं?" त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचा जीव खरोखर कानात गोळा झाला.

"शेजारच्या बाईचा भसाडा आवाज," डोरीन म्हणाली. "आणि शेजारच्या बाईला माझा." मग उठून तिने मोरीत पाणी सोडलं, आणि बराच वेळ बशा घासत राहिली, त्या केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या तरी. तिच्या पाठीकडे बघत सिरिल बसून राहिला. उठावं, तिच्या खांद्यावर हात ठेवावा, असं त्याला वाटत होतं, आणि उठवत नव्हतं. हे घरसुद्धा एक सभाच होती, त्याच्या ध्यानात आलं, दोघांची, आणि तीही बरीच जमून आलेली.

मासिक सभेतून फोन आला तो पुढल्या महिन्यात. या लोकांत मतदान नसतं. चिटणीसबाई ठराव लिहून मोठ्याने वाचतात आणि मान्य असेल तर सगळे मिळून म्हणतात, 'आशा आहे.' हो म्हणत नाहीत, ठीक म्हणत नाहीत. आशा आहे, एवढंच. "सगळे एका आवाजात म्हणाले, सिरिल," म्युरिएल फोनवर सांगत होती. "मी तुमचं ते बोलणं सगळं सांगितलं, रोलंडच्या श्वासाचंसुद्धा. खोलीत इतकी शांतता पसरली! एकजण म्हणाला, असा अर्ज आम्ही कधी ऐकला नाही." सिरिलने विचारलं, कुणाला काही शंका? "शंका कसली?" म्युरिएल हसली. "तुम्ही तर आमच्यातलेच." त्याने आभार मानले आणि फोन ठेवला. हाताचा पंजा फोनवर तसाच राहिला. रडू येईल असं त्याला वाटलं, पण तेही आलं नाही. आता थांबायला काही कारण उरलं नव्हतं आणि आता तो कायमचा थांबणाऱ्यांत मोजला गेला होता. एखाद्या घराचं दार जन्मभर ठोठावावं, आणि ते एकदाचं उघडावं, तर आत आपल्यासारखीच दार ठोठावणारी माणसं दाटीवाटीने उभी असावीत. डोरीनला त्याने सांगितलं, "घेतलं." ती म्हणाली, "बरं झालं," आणि रेडिओचा आवाज थोडा कमी केला.

त्यानंतरच्या रविवारी तो सभासद म्हणून पहिल्यांदा बसला. रोलंडच्या जागेवर एक बाई बसली होती. चाळिशी उलटलेली, कामावरून थेट आल्यासारखा निळा झगा कोटाखाली दिसत होता, बहुधा कुठल्यातरी रुग्णालयातली सफाईवाली. ती पहिल्यांदाच आली होती आणि तिला कुठे हात ठेवावेत ते कळत नव्हतं. तासभर ती रडत होती, आवाज न करता, आणि रुमाल नसल्यामुळे बाहीने नाक पुसत होती. सिरिल समोर बघत राहिला. आज तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. ज्येष्ठांनी हात मिळवले, लोक वळले, आणि सिरिलने तिच्याकडे हात केला. तिचा हात ओला आणि इतका गरम होता, की तो दचकला.

"माझं नाव ग्लॅडिस," ती म्हणाली. "मला हे काही माहीत नाही. मी कधी देवळाबिवळात गेले नाही. माझा मुलगा गेला, महिना झाला. मोटरसायकलवर." ती थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि सिरिलच्या अगदी जवळ झुकली. "आमच्या वॉर्डातल्या एका नर्सने सांगितलं, की तुम्ही लोक कोर्टातसुद्धा शपथ घेत नाही. म्हणजे तुम्ही हो म्हटलं की हो आणि नाही म्हटलं की नाही. म्हणून आले मी. बाकी सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. तुम्ही सांगा. असतं का इथे कुणी? तुम्ही असे डोळे मिटून बसता तेव्हा? खरं सांगा मला. नाही म्हणालात तरी चालेल. मी उठून घरी जाईन, पण मग मला कळलेलं असेल."

सिरिलने तिच्याकडे पाहिलं. त्याने जे दोन महिने, बावीस वर्षं, त्याआधीही कितीतरी वर्षं कुणाकडून तरी मागितलं होतं, ते ही बाई त्याच्याकडे मागत होती, आणि ते द्यायला त्याच्याइतकं भरपूर या शहरात कुणाकडे नव्हतं. त्याच्या जिभेवर तो 'नाही' आला होता. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. ती ऐकेल, उठेल, कोटाची बटणं लावेल आणि टेकडी उतरून त्या रिकाम्या घरी जाईल, आणि तिला कळलेलं असेल. तिच्या खालच्या पापणीवर एक थेंब थांबला होता, पडत नव्हता. त्याला तिचा द्वेष वाटला, खराखुरा, त्याच्याकडेच ती का आली म्हणून. मग तोही ओसरला. चहाच्या टेबलापाशी म्युरिएल कुणाशी तरी बोलता बोलता त्यांच्याकडे बघत होती.

"हो," सिरिल म्हणाला.

बाईने डोळे मिटले आणि श्वास सोडला, फार दिवस धरून ठेवल्यासारखा. "मग मी येत जाईन," ती म्हणाली.